रुमालाखालचा हात

सांगली. महाशिवरात्र, संध्याकाळ.

छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा भांग घेतली. सकाळी घाटावरच्या देवळापाशी शंकर भेटला, माझ्या हळदीच्या अडतीवरचा जुना हमाल. पेला पुढं करून म्हणाला, "आवं मालक, परसाद हाय, न्हाई म्हणू नगा." म्हटलं, घेऊ. घरी विचारणारं कोण आहे? अर्धा तास काहीच होईना, म्हणून मूर्खासारखा दुसराही पेला प्यालो.

घरी येऊन खुर्चीत बसलो आणि एकदम चढली. जीभ कोरडी, घड्याळाचा काटा जागचा हलेना. घाबरलो. फोन कुणाला करणार? मुलगा बंगळूरला. त्याला काय सांगू, बाप भांग पिऊन बसलाय? सुमन असती तर आधी ओरडली असती, मग लिंबू पिळून दिलं असतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली.

आणि तो रुमाल. सौद्यात आम्ही रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी भाव सांगायचो, शेजारच्याला कळू नये म्हणून. आज मी मांडीवर रुमाल पसरला, खाली हात घातला आणि समोरच्या बोटांची वाट बघत बसलो. किती वेळ, देव जाणे. विकायला होतं तरी काय माझ्याकडं?

आता उतरलीय. अडत बंद केल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही, हे मात्र उतरल्यावरच कळलं.

रुमाल अजून मांडीवर आहे. लिहितोय उजव्या हातानं. डावा खालीच आहे.