पांढऱ्या कपातले दाणे

नेपरव्हिल,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे 'पत्रास कारण की' असं पहिल्याच ओळीत लिहून मोकळं होतात. मला त्या कारणापर्यंत पोचायला जरा वेळ लागेल, तेवढा धीर धरा.

हे पत्र माझा यतीन तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला इंग्रजीत सांगेल. त्याने ते आधी वाचलेलं नसेल, पाकीट मी चिकटवलंय. तुमच्या टॉमला बोलावून घ्या. सूनबाईला, बेथला, मी कसंबसं गाडीत बसवून आणीन. मीही तिथेच समोर असेन. मग लिहायचं कशाला, असं म्हणाल. एक तर माझं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं. दुसरं म्हणजे तोंडाने सांगायला गेले तर मी रडून वेळ मारून नेईन. तेवढी मी पक्की आहे.

अजून एक. माझा लेक माझं बोलणं तुम्हाला सांगताना नेहमी साखर घालतो. मागे तुमचं सूप अळणी झालंय म्हणाले, तर त्याने 'आई रेसिपी विचारतेय' म्हणून सांगितलं आणि तुम्ही बिचाऱ्या ती लिहून देत बसलात. यतीन, आज साखर घालायची नाही.

इकडे परवा पहिला बर्फ पडला. माझा गुडघा आदल्या दिवशीच कुरकुरायला लागतो, त्यामुळे आमच्या घरात टीव्हीवरच्या हवामानवाल्याला कोणी विचारत नाही. यतीनचं ऑफिस चालू आहे. बेथ बरी आहे असं लिहिणार होते. पण ती बरी नाही. ताटात भात चिवडत बसते.

आमच्या व्याह्यांची, कार्लरावांची फार आठवण येते. मी पहिल्यांदा तुमच्या शेतावर आले तेव्हा त्यांनी मूठभर माती माझ्या हातावर ठेवली होती. मी ती बोटांनी चोळून हुंगली तसे ते खूश होऊन हसले. कराडला माझे वडील पेरणीच्या आधी हेच करायचे. एकमेकांची भाषा येत नसताना आम्ही दोघं तासभर बांधाबांधाने हिंडलो. एवढा भला माणूस, आणि तो गेल्यावर त्याच्याच घरात मी... असो. क्रमाने सांगते.

तुमच्या घरच्या वाटणीची रीत मला यतीनने समजावली होती. कार्लरावांचे पूर्वज बैलगाड्या हाकत ओहायोहून इलिनॉयला आले, तेव्हापासूनची ती. जमीन कसणाऱ्याची, म्हणून ती टॉमला. घरातल्या वस्तूंसाठी मात्र दोन्ही मुलांना शेतातल्या नव्या मक्याचे सारखेच दाणे मिळतात. प्रत्येक वस्तूपुढे दोन कप, निळा टॉमचा, पांढरा बेथचा. जी वस्तू जितकी हवीशी, तितके दाणे आपल्या कपात टाकायचे आणि वर बशी झाकायची. मग सगळ्यांनी चर्चला जायचं. परत आल्यावर आईने बशा उचलायच्या, ज्याचे दाणे जास्त त्याची वस्तू. ना कुलूप, ना पहारा. आमच्याकडे वाटणीला तलाठी लागतो, वकील लागतो, पंच लागतात, वर शिव्या लागतात. मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं, हे खरं सांगते.

वाटणीच्या त्या रविवारी तुम्ही सगळे चर्चला निघालात आणि वरणभात करते म्हणून मी मागे राहिले. कुकर लावला, हात रिकामे झाले. रिकाम्या हातांना नको ते उद्योग सुचतात. मी बशा उचलून बघितल्या.

चांदीच्या काट्या-चमच्यांच्या पेटीपुढचा बेथचा कप रिकामा. घड्याळापुढचा रिकामा. सगळेच्या सगळे दाणे कार्लरावांच्या खुर्चीपुढे. पॉलिश उडालेली, एक पाय दोरीने आवळलेली ती खिडकीजवळची खुर्ची.

माझं डोकंच फिरलं. जमीन भावाला आणि हिला मोडकी खुर्ची? माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मीही सही केली होती. आमच्याकडे बहिणी असा हक्क सोडतात, भाऊ साडीचोळी करतो आणि लोक म्हणतात, केवढं मोठं मन. माझं मन मोठं नव्हतं, विहीणबाई. मी फक्त गप्प बसले होते. तो सगळा जुना राग त्या दिवशी तुमच्या टेबलापाशी उफाळून आला.

मी खुर्चीपुढच्या बेथच्या कपात चिमूटभर दाणे ठेवले आणि बाकीचे चांदीपुढच्या पांढऱ्या कपात ओतले.

यतीन, तू आता म्हणशील की आईने बेथच्या भल्यासाठी केलं. तसं नाही रे. पेटी मी आधीच उघडून बघितली होती. दिवाळीला आपल्या टेबलावर ती कशी शोभेल, मिसेस अमक्या-तमक्या काय म्हणतील, हेही डोळ्यांपुढे आलं होतं. हाव सुटली. त्याला दुसरा शब्द नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण मी काय पाहिलं ते सांगते. खुर्चीपुढे टॉमचे दाणे जास्त निघाले, चांदी बेथच्या वाट्याला आली आणि ती पांढरीफटक पडली. टॉम म्हणाला, काहीतरी घोटाळा आहे, खुर्ची तूच ने. बेथ म्हणाली, दाण्यांनी मिळाली असती तर नेली असती, भीक नको. मग तिला आठवलं की टॉम गाडीची किल्ली विसरला म्हणून एकटाच परत आत गेला होता. ती माझ्याकडे वळून यतीनने शिकवलेल्या मराठीत म्हणाली,

"आई, टॉम परत आला तेव्हा टेबलाजवळ गेला होता का?"

इथून शब्दाला शब्द सांग, यतीन. टॉम टेबलाकडे फिरकलासुद्धा नव्हता. त्याने दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली, जेवणाचा वास छान येतोय असं काहीतरी हसत म्हणाला आणि गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मी बेथला म्हणाले,

"मी आत होते गं. मला काही दिसलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आमच्यात म्हण आहे. तुमच्या घरात तर चोरालाच साक्षीला बोलावलं.

दाणे हलवले ती हाव होती, क्षणाची होती. ते वाक्य मात्र मी शुद्धीत बोलले, आणि तेव्हापासून रोज गप्प राहून पुन्हा पुन्हा बोलते आहे. बहीण-भाऊ बोलेनासे झाले. बाबा गेले त्याच वर्षी भाऊही गेला, असं बेथ म्हणते, आणि ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते. मी तिच्या केसांतून हात फिरवते. त्या हाताची मला किळस येते.

परवा तुम्ही यतीनला फोनवर विचारलंत, थँक्सगिव्हिंगला मुलांसाठी दोन वेगळ्या वेळी जेवण ठेवू का. मी शेजारी मटार सोलत होते. ते ऐकलं आणि लाज वाटून हे लिहायला बसले.

चांदीची पेटी गाडीत मागे आहे, माझ्या शालीखाली. बेथने ती एकदाही उघडली नाही. कप पुन्हा मांडायचे असतील तर जरूर मांडा, पण मला अंगणात बसवा आणि दार लावून घ्या. मला लगेच माफ करू नका. तुम्ही मऊ आहात, आणि मला मऊपणाचा फायदा घेता येतो.

शेवटी आमच्याकडे थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहितात. बेथ आणि टॉम मला लहान. पण आशीर्वाद द्यायला मला तोंड उरलेलं नाही. तेव्हा त्या दोघांनाही नमस्कार. टॉमला वाकून.

सुवर्णा