उंदरांच्या मिशा

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर सूड उगवतेय. रोज सकाळी, रोह्याच्या माझ्या बालवाडीत.

हमरापूरचा आपला गणपतीचा कारखाना. मी सात वर्षांची. मूर्ती मोठी माणसं रंगवायची, माझ्या वाट्याला उंदीर. त्या दिवशी करडा रंग देऊन झाल्यावर मी फळीवरच्या सगळ्या उंदरांना मिशा काढल्या. तुमच्यासारख्या, जाड, खाली वळलेल्या. आई तोंडाला पदर लावून हसते. तेवढ्यात वडखळचं गिऱ्हाईक येतं, फळीकडे बघतं, तुमच्याकडे बघतं आणि खो खो हसत सुटतं. ते गेल्यावर तुम्ही माझ्या कानाखाली जाळ काढलात. "दात काय काढतेस गो? देवाचं काम हाय!" आई म्हणाली, "आवो, पोर हाय ती." तर तिच्यावरही डोळे वटारलेत. सगळे उंदीर मला रडत रडत पुन्हा रंगवायला लावलेत. देवाचा अपमान झाला म्हणे! अपमान तुमचा झाला होता, देवाला कशाला मध्ये घेतलंत? त्यानंतर तुमची चाहूल लागली की आम्ही दोघी तोंडं मिटून घ्यायचो. पुढे पेणच्या शाळेत मास्तरांनी काही गंमत सांगितली तरी मी आधी दाराकडे बघायची, मग हसायची. तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं. याची मला अजून चीड येते.

म्हणून मी पोरांसमोर तुमची नक्कल करते. कमरेवर हात, भुवया वर, "दात काय काढता रे?" पोरं गडाबडा लोळतात. एक मुलगी सहा महिने वर्गात एक शब्दही बोलत नव्हती. तुमचा अवतार बघून ती आधी हसली आणि मग म्हणाली, "बाई, परत!" पोटभर हसलं की मुलाची भीती जाते, जीभ सुटते. एवढी साधी गोष्ट तुम्हाला जन्मात कळली नाही. त्या दिवशी तुम्हाला हरवलं असं वाटून मी घरी जाऊन गोड केलं.

गेल्या सोमवारी त्याच मुलीनं माझी नक्कल केली. नाकावर घसरलेला चष्मा, पाय ओढत चालणं, अगदी हुबेहूब. दारात आलेल्या आयाही हसल्या. आणि मी ओरडले, "गप्प बस!"

ती बसली. आज शुक्रवार, अजून बोललेली नाही. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही मला, म्हणून पत्र फाडतेय.