अर्पणाचा भात

वडिवळे,
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय पप्पा,

प्रभूच्या नावात सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? उपासनेत बोलताना खुर्ची घेत जा. पाळकसाहेब बसले म्हणून मंडळीतलं कोणी उठून जाणार नाही.

इकडे भात पोटरीला आलाय. सासूबाई बऱ्या आहेत. मामंजी पूर्वीही कमी बोलायचे, त्यांचा कैलास अपघातात गेल्यापासून तेवढंही बंद झालं. मंडळीतल्या विठामावशींचा फोन आला होता. म्हणाल्या, पप्पा अजून तुझ्यासाठी प्रार्थना करतात. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, रागही आला.

एप्रिलमध्ये मी कामशेतला आले होते, ते आठवत असेलच. कैलासला जाऊन थोडेच दिवस झाले होते. मला घरी यायचं होतं, इराला तिथल्या बालवाडीत घालायचं होतं. तुम्ही फाटक उघडलं नाहीत. आतून भाताचा वास येत होता. मंडळीनं अर्पण केलेला तांदूळ आपल्याकडे शिजतो, तो पवित्र, तो फक्त पाळकाच्या घरच्यांनी खायचा, हे मी लहानपणापासून जाणते. म्हणून इराला तिची ताटली घेऊन आणलं होतं. मला वाटलं, प्रश्न भांड्यांचा असेल. गाढवच मी.

तिनं गजांतून ताटली पुढं केली. "आजोबा, मी माजी ताटली आनलीया."

तुम्ही शास्त्र उघडलंत. लेवीय, बाविसावा अध्याय. याजकाची मुलगी परक्याच्या घरी गेली, तर तिला पवित्र अन्न नाही. ती विधवा होऊन, मूल नसताना, बापाच्या घरी परतली, तरच तिनं बापाचं अन्न खावं. 'मूल नसताना' हे तुम्ही पुन्हा वाचलंत. मग म्हणालात, "पोरीला तिच्या आजीकडे ठेव आणि ये."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या हितं कोन इचारतंय? ज्याला भूक लागंल त्यानं बसावं." आणि इराला वाढलं.

इराचं अजून लिहिलं नाही. विठामावशींनाही सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी तिला ताप भरला. उतरेना. मामंजींनी तळेगावला न्यायला गाडी केली. गाडी तुमच्या फाटकावरूनच गेली. तुम्ही ओट्यावर बसला होतात, मांडीवर शास्त्र होतं. मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला असतात तरी काही फरक पडला नसता, हे मला कळतं. तरी मी रोज मनात तिथं गाडी थांबवते.

वडगावच्या पुढं ती माझ्या मांडीवर गेली.

तुम्ही म्हणाल, आज्ञा मोडल्याचं फळ. अहरोनाच्या मुलांनी देवापुढं परका अग्नी नेला आणि जळून मेले, हे तुम्ही मला लहानपणी किती वेळा सांगितलंत. पण पप्पा, त्यांनी अग्नी तरी नेला होता. माझ्या पोरीनं रिकामी ताटली आणली होती.

तिला आमच्या बांधाजवळ पुरलं. सासूबाईंनी ताटली तिच्याजवळच ठेवली. तुम्ही येऊन प्रार्थना कराल का, हे विचारायलाच पत्र लिहायला बसले होते. मग म्हटलं, शास्त्रात बघावं. याजकानं कोणाच्या मयताला जावं? आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बिनलग्नाची बहीण. नात कुठं सापडली नाही. म्हणून विचारत नाही.

सासूबाई म्हणतात, "जाऊ नगंस, पोरी. आमी हाय न्हवं?" पण त्यांच्या पदराला धरून इरा घरभर फिरायची. त्या पदराकडे मला बघवत नाही, आणि मला बघून त्यांना रडू आवरत नाही.

मी पुढच्या रविवारी येते. आता फाटक उघडायला हरकत नसावी. अर्पणाचा भात मला वाढा. घास उतरेल असं वाटत नाही, पण तुमच्यासमोर ताट घेऊन बसेन.

आता शास्त्राप्रमाणे तुमची,
रतन