घरी कोणी नाही असं दिसतं

३ डिसेंबर, सकाळ
यंत्रणा बसवून झाली. मेन बोर्डात एक डबी, खोल्याखोल्यांत स्मार्ट प्लग, आणि सगळ्याचा ग्राफ माझ्या मोबाईलवर. आता घरात कोणी नुसती इस्त्री गरम केली तरी मला गोदामात बसून कळेल. गोदामाचा इनचार्ज म्हणून तिथे खिळ्यांचं पाकीट जागचं हललं तरी मला समजतं, आणि स्वतःच्या घरात वीज कुठे मुरते याचा पत्ता नाही, हे इतकी वर्षं मनाला टोचत होतं.

हिने विचारलं, याची गरज काय. तिला हिरवी रेघ दाखवली. छान आहे म्हणाली आणि दूध बघायला गेली. पहिल्या दिवशी एवढा रस पुष्कळ झाला.

३ डिसेंबर, संध्याकाळ
संकल्प: विजेचा वापर निम्मा. नव्या वर्षाची वाट कशाला बघायची?

नियम फ्रिजवर चिकटवले. गीझर सकाळी अर्धा तास, मग यंत्रणा आपोआप बंद करेल. मोबाईल चार्जिंग संध्याकाळी सातपर्यंत. हीटर फक्त थंडी असेल तर, आणि थंडी आहे की नाही ते मी ठरवणार. कन्येने हेअर ड्रायरचं काय असं विचारलं. तिला टॉवेल नावाच्या उपकरणाची माहिती दिली. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

समोरच्या फ्लॅटमध्ये दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या पॅसेजमधला दिवा आत्ताही जळतोय, खाली चिटपाखरू नाही. शिकलेली माणसं.

५ डिसेंबर
गीझर ठरल्या मिनिटाला बंद झाला. यंत्रणा चोख. सासूबाई तेव्हा अंगाला साबण लावून बसल्या होत्या, पण त्याला यंत्रणा काय करणार? त्या बाहेर आल्यावर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. समजूतदार बाई. अजूनही बोललेल्या नाहीत.

९ डिसेंबर
दुपारी रेघ एकदम लाल. इस्त्री. घरी फोन लावला आणि हिला सांगितलं की एका शर्टाला इतका वेळ लागत नाही. तिने विचारलं, तुम्हाला गोदामात काही काम नाही का. प्रश्नाला बगल देण्याची ही तिची जुनी पद्धत. मी इथूनच प्लग बंद केला.

संध्याकाळी शर्ट पाहिला. एक बाही कडक, बाकी शर्ट कुत्र्याच्या तोंडातून काढल्यासारखा. वरून स्वेटर घातला की दिसत नाही.

१३ डिसेंबर
सासूबाईंच्या खोलीतला हीटर गोदामातून तीनदा बंद केला. तिकडून तीनदा चालू झाला. चौथ्यांदा मी कुलूप लावलं, ॲपमध्ये तशी सोय आहे. मग फोन करून समजावलं की फार ऊब दिली की गुडघे आळशी होतात. फोन कन्येने घेतला होता. आजीला सांगते म्हणाली, पण ती आत्ता दोन रजया घेऊन बसलीय, आवाज पोचेल असं वाटत नाही.

घरात थोडी कुरकुर आहे. सुधारणा म्हटली की कुरकुर आलीच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

२० डिसेंबर
विजय. गेले चार दिवस दुपारची रेघ जमिनीला टेकली आहे. फक्त फ्रिज. मी कोणाला ओरडलो नाही, फोनसुद्धा केला नाही. माणसांना एकदा दिशा दिली की ती आपोआप चालतात.

चहाच्या वेळी गोदामात सगळ्यांना ग्राफ दाखवला. हमालांच्या मुकादमाने विचारलं, मग घरची मंडळी दिवसभर करतात काय. काटकसर करतात, असं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला कळलेलं दिसलं नाही. मी मात्र फोटो काढून ठेवला, रेघेचा.

२७ डिसेंबर
ॲपवर मेसेज: ‘घरी कोणी नाही असं दिसतं. प्रवास मोड लावू का?’

डोकं फिरलं. घरात तीन जिवंत माणसं आहेत. कंपनीला फोन करून झापलं की तुमच्या यंत्रणेला काटकसर आणि रिकामं घर यातला फरक समजत नाही. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, यंत्रणा शिकत असते, हळूहळू तुमचं घर ओळखू लागेल. मी ‘नाही’ दाबलं.

६ जानेवारी
सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे होतंय. कन्येचे केस फुलले आहेत, टॉवेलचा परिणाम. माझे शर्ट कडक, बहुतेक ही घड्या गादीखाली ठेवत असणार, जुनी रीत. सासूबाईंचा गुडघा सुधारला, जिना भराभर चढतात. मी म्हटलंच होतं.

संध्याकाळी मी येतो तेव्हा घर गार आणि शांत असतं. मग समोरचं दार वाजतं आणि तिघी एकामागून एक हसत येतात. शेजाऱ्यांकडे जाणंयेणं वाढलंय. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे माझी हरकत नाही. कशाला हसत होतात असं विचारलं तर म्हणतात, काही नाही. मीही थोडा हसलो, उगाच.

१७ जानेवारी
पुन्हा तोच मेसेज. ‘नाही’. यंत्रणा मठ्ठ आहे.

२७ जानेवारी
डॉक्टर आले. हातात बिल, आणि त्यांच्याच खुर्चीत बसणाऱ्या पेशंटसारखा चेहरा. बिल जवळजवळ दुप्पट झालंय. ते दिवसभर दवाखान्यात, डॉक्टरीणबाई एकट्या घरी, मुलगा परदेशात. मग एवढी वीज जळते कशी? तुमच्याकडे म्हणे यंत्रणा आहे, बघता का जरा. इतकी वर्षं ज्यांना पॅसेजमधला दिवा दिसत नव्हता त्यांना शेवटी माझं दार दिसलं. अर्धा तास मार्गदर्शन केलं. रविवारी डबी बसवणार.

ही आतून म्हणाली, दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचं. सासूबाई बऱ्याच दिवसांनी माझ्या उपस्थितीत बोलल्या. म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. काहीतरी हरवलं असेल त्यांचं. वय झालं.

२९ जानेवारी
डॉक्टरांकडे डबी बसवली, ग्राफ माझ्या मोबाईलवरही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा चहा दिला आणि दोनदा विचारलं, हे उन्हाळ्यात बसवलं तर नाही का चालणार. तंत्रज्ञानाची भीती. त्यांना धीर दिला.

३१ जानेवारी
तपास पूर्ण. रेघेच्या चढउतारावरून ओळखलं: डॉक्टरांकडे सकाळपासून हीटर. दुपारी इस्त्री, मग हेअर ड्रायर. मी घरी पोचायच्या जरा आधी सगळं बंद. बाई एकट्या, त्यांचे केस आखूड. म्हणजे बिल्डिंगमधल्या कोणीतरी डॉक्टरांच्या बोर्डातून लाईन ओढली आहे. चोर निर्ढावलेला आहे. चोरीच्या विजेवर कपडे इस्त्री करतो.

गुरुवारी दोघांनी मिळून रंगेहाथ पकडायचं ठरलं. घरी अवाक्षर काढलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
अर्धी रजा टाकली. डॉक्टर तर एका पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून आले. मी मोबाईल पुढे धरून जिना चढलो. रेघ लाल. चोर कामाला लागला होता. डॉक्टरांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

हीटरसमोर सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. कन्या आरशासमोर केस वाळवत होती. डॉक्टरीणबाई लोकर विणत होत्या. ही इस्त्री करत होती. शर्ट निळ्या रेघांचा होता. माझा.

कोणी दचकलं नाही. हिने आधी कॉलर पुरी केली, मग सांगितलं की फ्रिजवरचे नियम आमच्या घरचे आहेत, इथे लागू नाहीत. डॉक्टरांनी माझ्या मोबाईलकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, चोर कोणाच्या ताब्यात द्यायचा. तेव्हा डॉक्टरीणबाई विणकाम खाली ठेवून म्हणाल्या की गेली कित्येक वर्षं दिवसभर या घरात फक्त घड्याळ बोलायचं. या दीड महिन्यात माणसं बोलली. बिल त्या बघतील, पण यांना कोणी उठवू नका. डॉक्टर फरशीकडे बघत राहिले. मीही तिथेच बघितलं.

घरी चला, म्हणालो. बघू, असं तिघी एकदम म्हणाल्या.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
फ्रिजवरचा कागद काढला. घरातले सगळे दिवे लावले. सासूबाईंच्या खोलीत हीटर लावून ठेवला, कुलूप काढलं. हेअर ड्रायर टेबलावर, इस्त्री स्टँडवर. दार सताड उघडं. रेघ इतकी लाल कधीच झाली नव्हती आणि मला तिचं काही वाटलं नाही. समोरून हसण्याचा आवाज येत होता. दारात उभा राहिलो. कोणी आलं नाही. खरं लिहायचं तर घाबरलो.

मग एकेक दिवा बंद केला.

२ फेब्रुवारी, साडेआठ. डॉक्टरांच्या हॉलमधून
केवळ चार्जिंगसाठी आलो आहे. आमच्याकडचा चार्जिंगचा प्लग सातला आपोआप बंद होतो, आणि नियम कागदावरून काढला तरी ॲपमधून कसा काढायचा ते सापडेना. मोबाईल संपत आला होता.

मला कोणी काही विचारलं नाही. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून आलेत आणि सासूबाईंना कापसाच्या पेशंटचं पुढे काय झालं ते सांगताहेत. सासूबाईंनी पाय जरा आवरले, हीटरपुढे एका माणसापुरती जागा झाली. हिने एक्स्टेन्शन बोर्डावरचा इस्त्रीचा प्लग काढला आणि माझ्या चार्जरसाठी हात पुढे केला.

चार्जिंग सुरू होताच मेसेज: ‘घरी कोणी नाही असं दिसतं. प्रवास मोड लावू का?’

‘हो’ दाबलं. कंपनीची मुलगी म्हणाली होती ते खरं आहे. यंत्रणा शिकत असते, पण तिला वेळ द्यावा लागतो.