काय म्हणाली आज?

१२ जून १९९४

माझ्या घरात देवी! माझ्या!

मूर्ती नव्हे, फोटो नव्हे. चंद्राने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवला. कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "मरीआई तहानलीया. सकाळधरनं माज्या कानाशी लागलीया." मी हसलो. बायको हसली नाही.

कोरेगावच्या विहाराचा सचिव मी. शाळेत पोरांच्या डोक्यातली भुतं झोडपून काढणारा गुरुजी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

१५ जून

तांब्या अजून तिथेच. रोज पाणी बदलते.

तिच्या माहेरी, आटपाडीला, धम्म घेतला तेव्हा तिच्या वडिलांनी घरातले देव फडक्यात बांधून विहिरीत टाकले होते. चंद्रा लहान होती, काठावर उभी. लग्नानंतर हे तिनेच मला हसत हसत सांगितलेलं. आता म्हणते, "हीर आटली. ती उघडी पडलीया उनात." अगं, आटपाडीत विहिरी आटणार नाहीत तर काय होईल!

२१ जून

आज शांतपणे समजावलं. (शांतपणे म्हणजे माझ्या मानाने.) बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. तिने सगळ्या म्हटल्या, कुठे अडखळली नाही. मग विचारलं — देवी आहे तर मला का ऐकू येत नाही? आटपाडीहून इथवर आवाज येतो कसा, मधे एवढा मुलूख?

"तुमी जिंकलासा," म्हणाली. "पर ती बोलतीयाच."

रडत होती. जिंकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३ जुलै

कहर झाला! वरच्या आळीची हरणाबाई नारळ घेऊन दारात. "आवं गुर्जी, बाईंस्नी इचारायचं हुतं, आमची म्हस कवा गाभण ऱ्हाईल." म्हटलं, बाई, गुरांच्या दवाखान्यात जा! नारळ उंबऱ्यावर ठेवून पळाली.

चटणी केली. देवीच्या नारळाचीही चटणी चांगलीच होते.

५ जुलै

आकाराम, विहाराचा खजिनदार, रस्त्यात भेटला. "गुर्जी, दुसऱ्याच्या घरातलं देव काडतासा, आन् तुमच्याच घरात..." वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं ऐकू आलं.

१० जुलै

प्रियदर्शनी सांगलीहून आली. लेक सासरी गेली की शहाणी होते, तशी झालीय. आईजवळ दिवसभर बसली. निघताना मला अंगणात घेऊन म्हणाली, "आबा, आईचा धम्म सुटलेला नाही. ती ढोंगही करत नाही. तिला खरंच ऐकू येतं. हा आजार आहे. आमच्याकडे चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत."

मी म्हटलं, माझ्या बायकोला वेड लागलेलं नाही!

रागाने बोललो. पण खरं इथे लिहितो. अंधश्रद्धा म्हटली की माझ्या हातात काहीतरी असतं. वाद घालता येतो, पुस्तकं काढता येतात. आजार म्हटलं की मी नुसता नवरा.

२६ जुलै

वर्षावास सुरू, पावसाळ्याचे तीन महिने. रोज संध्याकाळी विहारात मी ग्रंथ वाचतो. बायका विचारतात, बाई का येत नाहीत. गुडघे दुखतात, म्हणतो. बुद्धासमोर बसून खोटं!

८ ऑगस्ट

चंद्रा हरवली होती.

शाळेतून आलो तर दार सताड उघडं. चूल गार. गल्लीत कुणाला पत्ता नाही. शेवटी एसटी स्टँडवर सापडली. भरलेली कळशी कडेवर, लुगडं भिजलेलं, आणि जो दिसेल त्याला विचारतेय, आटपाडीची गाडी कवा हाय? टारगट पोरं हसत होती. मला पाहून म्हणाली, "आवं, बरं झालं आलासा. चला की संगं. मला एकटीला भ्या वाटतंय."

कळशी मी घेतली. स्टँडपासून घरापर्यंत, सगळ्या बाजारपेठेतून, भरलेली कळशी घेऊन गुरुजी! ओतून टाक म्हणायचं धैर्य झालं नाही. कोण काय म्हणतं याची लाज पहिल्यांदाच वाटली नाही. भीतीच एवढी वाटली होती.

११ ऑगस्ट

पॅसेंजरने सांगलीला. साताऱ्यात ओळखीचे फार.

डॉक्टरीणबाई वयाने प्रियदर्शनीएवढ्या. चंद्राशी पुष्कळ बोलल्या. गोळ्या दिल्या. बऱ्या होतील, म्हणाल्या, पण वेळ लागेल. मग मला: "गुरुजी, तुम्ही वाद घालता का?" कबूल केलं. "घालू नका. खरं आहे असंही म्हणू नका. नुसतं विचारा, आज काय म्हणाली? भीती वाटली का? आणि ऐका."

जन्मभर पोरांना ऐका, ऐका म्हणून ओरडलो. मला कुणी शिकवलंच नाही.

१३ ऑगस्ट

खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. "काय म्हणाली आज?" माझा आवाज शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा निघाला. चंद्रा भेदरून भांडी घासायला उठली.

१४ ऑगस्ट

पुन्हा बसलो. गप्प.

१७ ऑगस्ट

बोलली! "म्हनती, तुजा बा मला बुडवून गेला, आता तू बी बुडशील." जिभेवर चार मुद्दे आले, गिळले. भ्यालीस का, विचारलं. "व्हय," म्हणाली, आणि माझा हात धरला. तीस वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी हात धरण्याची ही पहिलीच वेळ.

२२ ऑगस्ट

विहारातलं वाचन सोडलं. आकारामकडे दिलं. त्याला जोडाक्षरं जमत नाहीत, धम्माचं काय होतंय कोण जाणे! पण संध्याकाळ एकच असते.

१५ सप्टेंबर

रात्री सलग झोपते. अन्न जातंय. कोपऱ्यातला तांब्या आज तिने स्वतःच घासून मांडणीवर ठेवला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

९ ऑक्टोबर

देवी मवाळ झालीय. काय म्हणाली आज? "म्हनती, तुज्या मालकाच्या मिशा लय वाडल्यात." कातरल्या.

२१ ऑक्टोबर

वर्षावास संपला. आकाराम सांगत आला, "गुर्जी, समदं गोड झालं. आता या की सांजचं विहारात." नको, म्हटलं. इथेही ऐकायचं काम आहे.

३० ऑक्टोबर

सांगली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आवाज येतो का अजून? चंद्रा खाली बघत राहिली. मीच सांगितलं, येतो, रोज. गोळी वाढवली.

१२ नोव्हेंबर

वाढवलेली गोळी मानवत नाही. तोंडाला कोरड. हात थरथरतात, भाकरी थापता येत नाही. मी थापली. आफ्रिकेचा नकाशा! चंद्रा तोंडाला पदर लावून हसली. पुष्कळ महिन्यांनी.

२० नोव्हेंबर

काय म्हणाली आज?

"म्हनती, चंद्रे, तुला मास्तरीन व्हायचं हुतं. सातवीला पयला नंबर हुता तुजा."

मला माहीत नव्हतं. हजारो पोरांच्या हजेऱ्या घेतल्या, आणि घरातली ही हुशार मुलगी मला माहीत नव्हती! खरं का गं, विचारलं. मान हलवली. मग बराच वेळ तिच्या शाळेचं बोलत बसलो. देवीची आठवण दोघांनाही राहिली नाही. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, छानही वाटलं.

४ डिसेंबर

संध्याकाळची वाट बघतो हल्ली. घंटा झाली की पोरांच्या आधी मी घराकडे!

१७ डिसेंबर

उद्या सांगलीला जायचं. म्हटलं, चंद्रा, आवाज थांबत नाही, गोळी आणखी वाढवायला सांगतो.

"नगा वाडवू," म्हणाली. "ती बोलायची कवाच थांबलीया."

कधी?

"वर्षावास संपायच्या आदीच."

मग मी रोज विचारत होतो तेव्हा? त्या जादा गोळ्या, तो हातांचा थरकाप, ती कोरडी जीभ — एवढं कशापायी सोसलंस गं?

"न्हाई बोलत म्हटलं असतं, तर खुर्ची उचलून विहारात गेला असतासा."

गेलो असतो.