सिस्टर सवाष्ण धरायची का?

१५ जानेवारी २०२५, बुधवार

बालवाडी भरली, पण आया दारातून हलेनात. कालपासून वस्तीत हळदीकुंकू सुरू झालंय आणि या बायांपुढे प्रश्न — सिस्टरला बोलवायचं की नाही? जूनमध्ये मी बुलढाण्यात आले, त्यामुळे ही माझी इथली पहिलीच संक्रांत. बालवाडीसमोरच्या झुंबरबाईने माझं बोट धरलं. "अंगठी कोनाची?" म्हटलं, येशूची. नन होताना, शेवटच्या व्रतांच्या वेळी घातली.

झालं! दारातल्या आयांपैकी सिंधूताई म्हणाली, "पन तुमचा देव तं खिळे ठोकून मारला ना? मंग ह्या विधवा." मी म्हटलं, अहो, तो तिसऱ्या दिवशी उठला. "हाव? मंग सवाशीन. पन दिसते कुठं?"

झुंबरबाई ठासून म्हणाली, "दिसत नाही म्हनजे मेला थोडाच? माहा बी दिसत नाही." तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी कामाला सुरतेला गेला, तो परतलाच नाही. ती रोज रुपयाएवढं कुंकू लावते. वस्तीत तिचा शब्द शेवटचा. मी सवाष्ण ठरले!

इतकी वर्षं धर्मशिक्षण दिलं, पण पुनरुत्थानाचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

१६ जानेवारी

आठ घरांची बोलावणी आली. बालवाडीतल्या अनुपमाला एकाही घरचं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. अनुपमा माझ्याबरोबर बालवाडी चालवते. वय सव्वीस. दिवाळीत तिचा नवरा मोटारसायकलवरून पडून गेला. याच बाया नऊ ते बारा आपली लेकरं तिच्या मांडीवर टाकतात. तिने भरवलेला भात चालतो, तिने पुसलेलं नाक चालतं. हळदीकुंकवाला मात्र ती उंबऱ्यात नको!

आज पोरांची खिचडी ढवळताना म्हणाली, "सिस्टर, रथसप्तमी झाली की माहेरी चालली मी." म्हणजे धाड गावाला, आईकडे. मी विचारलं, आणि ही बावीस पोरं? ती ढवळायची थांबली. खिचडी खाली लागली.

२१ जानेवारी

झुंबरबाईकडे गेले. गोड बोलायचं ठरवून गेले होते. पाच मिनिटंही टिकलं नाही.

"पोट्टी गुनाची हाय, मी कुठं नाही म्हनते? पन कुंकवाच्या ताटापाशी नाही."

"मग मीही येणार नाही."

"तुमचं काऊन अडते? तुमचा तं जिवंत हाय."

माझाच येशू माझ्याच तोंडावर! कपाळाला हात लावला आणि निघून आले. मला या बाईचा राग येतो. स्पष्टच लिहिते, खूप राग येतो.

२२ जानेवारी

प्रार्थनेत झुंबरबाईसाठी काही मागायचं होतं. जमलं नाही.

२७ जानेवारी

मठात बोलणी खाल्ली. आमच्या प्रमुख सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, त्यांच्या रितीत नाक खुपसू नका. बरं, नाही खुपसत. रथसप्तमीला बालवाडीत नुसता तिळगूळ ठेवते. हळद नाही, कुंकू नाही. सगळ्या बायांना बोलावणं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, आणि त्या अनुपमा देणार.

ती म्हणाली, "माह्या हातून? कोनी हात पुढं करन का?" मग पोरांच्या पाट्या आवरत, "वस्ती आली तं थांबते मी."

आता तिला थांबवायचं माझ्या हाती राहिलं नाही. आल्या पाहिजेत सगळ्या!

३१ जानेवारी

घरोघर सांगून आले. सगळ्या "येतो ना, येतो" म्हणाल्या. फार लवकर म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

साठ लाडू केले होते. तिघी आल्या. सिंधूताई आली, तिने मान वळवून का होईना, अनुपमाच्या हातून वाटी घेतली. बाकी दोघी लाडू घेऊन पळाल्या. झुंबरबाईने आपलं हळदीकुंकू मुद्दाम याच वेळेला ठेवलं! समोरच्या दारात नव्या लुगड्यांची गर्दी. अनुपमा खिडकीत उभी राहून बघत होती. मी खिडकी लावली. तिने उघडली.

चिडून मी पाच लाडू खाल्ले. उरलेल्या सगळ्या वाट्या अनुपमाच्या पिशवीत कोंबल्या — घेऊन जा धाडला, आईला होतील. तिने पिशवीला सुतळी बांधली. उद्या दहाची बस.

दमले मी. यांना काही शिकवायला जाणं म्हणजे नुसता डोक्याला ताप.

५ फेब्रुवारी

सकाळी अनुपमा निरोप घ्यायला आली होती. तेवढ्यात दारात झुंबरबाई. मी तोंड फिरवणार, तर तिच्याकडे बघतच राहिले. कपाळ कोरं.

"अकरा वर्सं झाले. सुरतहून निरोप आला होता, गेला म्हनून. कोनाले सांगतलं नाही मी." मग अनुपमाकडे वळून म्हणाली, "काल वाट्या उरल्या असतीन तं एक मले दे, पोरी."

अनुपमाने पिशवीची सुतळी सोडली.