माझ्याच पानांची चोरी

५ जानेवारी, सोमवार
रिपोर्ट आला. प्रबंधातला मजकूर कुठून उचललाय का ते विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं मशीन तपासतं. मशीन म्हणतं, तिसरं आणि चौथं प्रकरण चोरीचं. कुणाची चोरी? माझीच! 'बोलका' म्हणजे न दिसणाऱ्यांना फोनवरचं मराठी वाचून दाखवणारं, आम्ही काही जणांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर. त्याची माहितीपानं चार वर्षं नेटवर उघडी पडलीत, कुणीही वाचा, कुणीही वापरा. त्यातलीच वाक्यं झाडूनपुसून प्रबंधात घातली. मशीनला काय माहीत ती पानं लिहिणारी वैशाली आणि प्रबंध लिहिणारी वैशाली एकच. सगळं लाल करून पाठवलंय.
मुदत ३० तारखेची. दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही. मग नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

६ जानेवारी, मंगळ.
ग्रंथालयाच्या मॅडमना फोन. आवाज अगदी निवांत. "त्यात काय एवढं? ती पानं नेटवरून काढून टाका, मी परत तपासते, साफ येतं. सगळेच करतात."
सगळेच. बरं.
कॉलेजात दोन तास शिकवले. लक्ष नव्हतं. तासिकेवरच्या बाईचं लक्ष असलं काय नि नसलं काय, पीएच.डी. झाल्याशिवाय कायम व्हायचं नाव नको.

८ जानेवारी, गुरु.
सकाळच्या गाडीनं विद्यापीठात. सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो आधीच बघितला होता. चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काही मिळणार नाही.
"पंधरा दिवस पानं झाकून ठेव. डिग्री झाली की पुन्हा टाक. बोलका काही बंद पडत नाही तेवढ्यानं."
हे खरं आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना तो वाचून दाखवतच राहील.
मी लॅपटॉप उघडला. बोलकाच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली नि कधी, याची नोंद असते. खोटं करता येत नाही. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "बरोबर आहे तुझं. पण फॉर्मात याला रकाना नाही."
मी म्हटलं, सर, तुम्ही पत्र द्या ना, जुळणारा मजकूर विद्यार्थिनीचाच आहे असं. नियमात बसतं ते. सर म्हणाले, "जूनमध्ये रिटायर होतोय मी." एवढंच. पुढे हेही म्हणाले की मेहनतीची वस्तू अशी फुकट वाटणं त्यांना पहिल्यापासून पटलं नव्हतं.
राग आला. त्यांच्याच विभागातल्या मुलाने बोलका वापरून पेपर छापला, त्यावर सरांचं नाव आहे.
घरी आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "मंग सही का न्हाई केली त्यानं?" म्हटलं, नियम. "नियम न्हाई. भिऊन राह्यला तो."

११ जानेवारी, रवि.
आज जवळजवळ केलंच होतं. कबूल करून टाकते, वही माझीच आहे.
दुपारी जेवण झालं, बसले, पानं झाकायचं बटण काढलं. एक क्लिक. मग खरंच खात्री आहे का असं विचारतं ते. त्या प्रश्नापाशी थांबले.
प्रबंध एकदा जमा झाला की तो विद्यापीठाच्या साठ्यात जातो, तारखेसकट. पानं झाकलेली असताना मशीन तपासणार, मग पानं परत आली की ती नंतरची ठरणार. म्हणजे कागदोपत्री मूळ माझा प्रबंध, आणि बोलका त्याची नक्कल. बोलकावर अकरा जणांनी हात चालवलाय. त्या अकरांचं काम एका झटक्यात माझं. मग खरी चोरी तीच झाली की.
बटण बंद केलं.
तरी म्हटलं एकदा ओळ न् ओळ लावून बघू, लाल मजकुरात माझं किती. तिसरं प्रकरण पूर्ण माझं. चौथ्यात सव्वादोन पानं माझी नाहीत. तीर्थपुरीच्या गायकवाड गुरुजींची. सरकारी कागद कसा वाचायचा त्यावरचं टिपण. आमचा बोलका आधी ७/१२ दिसला की 'सात भागिले बारा' वाचायचा, 'मौजे' नंतर गावाचं नाव येतं ते त्याला कळायचं नाही. हे सगळं गुरुजींनी सांगितलं, मराठीत. मी त्याचं इंग्रजी केलं. बोलकाच्या पानावर त्यांचं नाव आहे. प्रबंधात नाही. प्रबंधात लिहिलंय, इंग्रजीतच, 'संशोधिकेला असे आढळले की'.
काय आढळलं मला? गुरुजींची व्हॉइस नोट आढळली.
मशीनने सगळीकडे खोटं सांगितलं, इथे खरं सांगितलं. फार लाज वाटली. मुद्दाम केलं नव्हतं, पण मुद्दाम न करता केलं हे जास्तच वाईट. प्रबंध म्हटला की 'आम्ही' खोडून 'मी' करायची सवयच लागली हाताला.

१५ जानेवारी, गुरु.
तीर्थपुरी. एसटीने पोचेपर्यंत शाळेची मधली सुट्टी झाली होती. गुरुजी व्हरांड्यात, कानात इयरफोन, बोलकाचा वेग एवढा वाढवलेला की मला एक शब्द कळेना. लहानपणीच नजर गेली त्यांची, पण माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखलं. "या वैशालीताई. आज फोन सोडून पायी?"
सगळं सांगितलं. त्यांचं चोरल्याचंही. हसले.
"आता काय करून राह्यल्या?"
म्हटलं, तुमचं नाव घालणार. आधी विचारायला आले.
"आभाराच्या पानावर घालाल तर बिलकुल नको. तिथं टायपिंगवाल्याचं बी नाव असतं. जिथं काम हाय तिथं घाला."
खरंच आभाराच्या पानावरच घालायचं डोक्यात होतं.
मग म्हणाले, "पहिले सर्क्युलर आलं की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. त्यो सांगल तेवढंच मला कळायचं. एकदा माझ्या बदलीचा कागद आल्ता, चार दिवस कुणी सांगितला न्हाई मला. आता मी इथं सगळ्यांना वाचून दाखवतो. ताई, तुमची डिग्री जाऊ नये. पण नावं झाकून आणू नका."
येताना गाडीत डोळे भरून आले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही हो, परीक्षा आहे.

१९ जानेवारी, सोम.
चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. सव्वादोन पानं अवतरणात, गुरुजींच्या नावाने. शेवटी तक्ता जोडला: कुठली ओळ, कुणाची, केव्हाची. अकराही नावं.
सरांचा फोन. "प्रबंध एकाचा असतो. हे लग्नाचं आमंत्रण आहे का, सगळ्यांची नावं छापायला?"
"प्रबंध माझाच आहे सर. बोलका माझ्या एकटीचा नाही."
फोन ठेवला त्यांनी. बोलून बरं वाटलं.

२३ जाने., शुक्र.
नवा रिपोर्ट. चौथं साफ. तिसरं अजून लाल, सगळंच्या सगळं माझंच; अख्खं प्रकरण काही अवतरणात घालता येत नाही. सरांनी पत्र दिलं नाही. प्रबंधावर सही तेवढी केली आणि बाजूला लिहिलं, 'निर्णय समितीने घ्यावा'. हो नाही, नाहीही नाही. निघताना म्हणाले, तक्ता चांगला केलायस. हे पत्रात लिहायला काय झालं होतं?

२८ जाने., बुध.
समितीपुढे बोलावलं. तिघं. दोघांनी प्रबंध उघडलाही नाही. तिसऱ्या बाईंनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, वाद कशाला वाढवता? आठ दिवस पानं काढा, आम्ही आजच पुढे पाठवतो." मी अकरा जणांचं सांगितलं. तारखांचं सांगितलं. ते घड्याळ बघत होते. मग कोरा कागद पुढे सरकवला. "काढताय की नाही, लेखी द्या."
भीती वाटली. वहीत खोटं कशाला लिहू? आई आठवली, पुढच्या वर्षीच्या तासिका आठवल्या.
लिहिलं: पाने काढणार नाही. त्यावरील नावेही काढणार नाही. तारखा तपासून घ्याव्यात, ही विनंती. खाली सही.
झेरॉक्स काढून आवक विभागात गेले, पोच घ्यायला. क्लार्कने वाचलं, वर बघितलं. आमच्या जालन्याकडचाच निघाला. "मॅडम, असं लेखी देत नसतेत. न्हाई म्हणायचं तर तोंडी म्हणायचं असतं, मंग फिरवता येतं."
म्हटलं, शिक्का मारा.
परवा ३० तारीख. समिती पुन्हा कधी बसणार, कुणी सांगितलं नाही. शिक्क्याची शाई ओली होती, घडी घालता येईना. कागद तसाच हातात धरून स्टेशनपर्यंत चालत आले.